चाळीस पावलांचा पाटा

आमच्या घरात पाटा नव्हता. अव्वा, म्हणजे माझी आई, आयुष्यभर दुसऱ्यांच्या पाट्यांना टाकी देत फिरली, पण आमच्या पत्र्याच्या खोलीत स्वतःचा पाटा नव्हता. वाटायला काही असलं तर पाटा लागतो.

टाकी देणं म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. पाटा वापरून वापरून गुळगुळीत झाला की त्यावर चटणी वाटली जात नाही, नुसती पुढंमागं सरकते. मग छिन्नी-हातोडीनं बारीक टोचे मारून तो पुन्हा खरखरीत करायचा. आमच्या लोकांत पुरुष खाणीत दगड फोडायचे आणि बायका खांद्याला झोळी अडकवून हे काम मागत गल्लोगल्ली फिरायच्या. मी नववीत असताना अप्पा गेले. खाणीची धूळ छातीत बसली होती. त्यानंतर आमचं घर एका हाकेवर चाललं. "टाकीऽऽय, पाट्याला टाकीऽऽ."

तोवर मिक्सर नसलेलं घर सोलापुरात उरलं नव्हतं. पण शेंगाची चटणी पाट्यावरचीच पाहिजे असं म्हणणाऱ्या बायका होत्या, अजून आहेत. त्यांच्यावर आम्ही जगलो. दिवसभर पेठा पालथ्या घालून कधी दोन पाटे मिळायचे, कधी एकही नाही.

टाकी दिलेल्या पाट्यावरचं पहिलं वाटण टाकून द्यायचं असतं. त्यात दगडाची कच उतरलेली असते. काही घरांतून ते टाकून न देता कागदात बांधून अव्वाला देत. चांगल्या मनानं देत, मी त्यांना नावं ठेवत नाही. अव्वा ते घरी आणायची. आम्ही भाकरीबरोबर खायचो आणि दाताखाली कच आली की कुणी काही बोलायचं नाही.

मी इंजिनिअर झाले. सिव्हिल. आमच्या वस्तीतली पहिली पदवीधर, मुलांमुलींत मिळून पहिली. हे मी कुठंही छाती पुढं करून सांगते. पण या गोष्टीत एक दुसरी बाजू आहे, ती कुठंच सांगत नव्हते.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी जुळे सोलापूर भागात एका मैत्रिणीच्या फ्लॅटवर नोट्स घ्यायला गेले होते. तिच्या आईनं स्वयंपाकघरात शेंगा भाजायला घेतल्या होत्या. खालून टाकीची हाक आली. तिच्या आईनं गॅलरीतून ओरडून थांबवलं, पाटा खाली पाठवला. मैत्रीण म्हणाली, "चल ना, बघू कसं करतात." मी म्हटलं, डोकं दुखतंय. पार्किंगमधून तक् तक् तक् येत राहिलं आणि मी तासभर आतल्या खोलीत वहीत डोकं घालून बसले. पाटा वर द्यायला अव्वा दारापर्यंत आली. दाराबाहेर माझ्या चपला होत्या. एकीचा अंगठा तारेनं बांधलेला. तार अव्वानंच बांधली होती.

 दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना अव्वा एवढंच म्हणाली, "त्या ताईंच्यात शेंगा भाजत हुत्या न्हवं? वास झ्याक येत हुता."

पदवी घेतल्यावर मी एका ठेकेदाराकडं साइटवर लागले. दोन वर्षं गटारं आणि कंपाउंडच्या भिंती झाल्या. मग एक काम पूर्णपणे माझ्या ताब्यात आलं. धबधब्याची वाट.

अक्कलकोटवरून मैंदर्गीच्या अंगाला, आतल्या एका गावात पाटबंधारे खात्याचा जुना तलाव आहे. तो भरला की सांडव्याचं पाणी काळ्या कड्यावरून खाली पडतं. आमच्या कोरड्या भागात एवढं पाणी उंचावरून पडताना दिसणं हेच मोठं. कुणीतरी मोबाईलवर टाकलं आणि माणसं लोटली. रविवारी सोलापूरहून, तिकडं कर्नाटकातून, दुचाक्यांवर तिघं-तिघं. खाली एक लहान महादेवाचं देऊळ आहे, तिथं श्रावणी सोमवारी आधीपासूनच बायका जायच्या. एक पायवाट होती, तिच्या पाच-सहा झाल्या. जो तो आपली वाट काढायचा. माती वाहून गेली, बाभळींची मुळं उघडी पडली, एका शेतकऱ्याचा बांध फुटला.

तेवढं दुरुस्त करणं अवघड नव्हतं. आम्ही दगडी पायऱ्या बसवल्या, पाणी वाटेवरून वाहू नये म्हणून आडव्या चऱ्या काढल्या, आगाऊ वाटा बाभळीच्या काट्या टाकून बंद केल्या. अवघड होती ती म्हशीची पाठ.

वाट संपता संपता कड्याला चिकटून एकसंध काळा दगड आहे. चाळीस पावलं लांब, बाहेरच्या अंगाला उतरता, धबधबा चालू असेतो तुषारांनी ओला. म्हैस पाण्यातून उठल्यावर जशी दिसते तसा. गावानं नाव दिलंय ते बरोबर दिलंय. डावीकडं कडा, उजवीकडं दोन पुरुष खोल डोह. धबधब्याला जायचं तर त्याच्यावरूनच. इतक्या पायांनी घासून तो आरसा झाला होता. आदल्या श्रावणात एक शिक्षिका तिथं घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. डोहात गेल्या नाहीत हे नशीब. त्यानंतर पाटबंधाऱ्याच्या साहेबांनी वर फाटक बसवलं.

काम सुरू व्हायच्या आधी साहेबांनी मला फाटकापाशी उभं करून सांगितलं, "श्रावणाच्या पहिल्या सोमवारपर्यंत पाठ सुरक्षित पाहिजे. नसली तर ह्याला कुलूप लागेल. आणि मॅडम, सरकारी कुलूप लागायला एक दिवस लागतो, निघायला जन्म जातो. दुसरं, सांडव्याजवळ आहे म्हणून दगडात ड्रिल नाही, सुरुंग नाही, तोडफोड नाही."

हे सगळं भजीवाली मावशी ऐकत होती. फाटकाशेजारी तिचं खोपटं. विधवा बाई, घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी, रागावली की दोन्ही. साहेबांची गाडी गेल्यावर तिनं मला चहा दिला आणि समोर बसली.

"कुलूप लागलं तर मी कुटं जाऊ? पुण्याला पोरीच्या दारात?"

"नाही लागणार, मावशी."

"शिक्षण किती झालंय तुजं?"

"इंजिनिअर आहे."

"मग हुईल," ती म्हणाली. तिनं न विचारता माझा कप पुन्हा भरला.

ड्रिल नाही म्हणजे पाठीत गज ठोकता येत नव्हते. मी ठरवलं, दगड घासून धुवायचा, चिकट रसायनाचा हात द्यायचा आणि वर तीन इंचाचा काँक्रीटचा थर, आडव्या खाचा पाडून. दोन्ही टोकांच्या धोंड्यांना बांधून कड्याच्या बाजूनं साखळी. मालकांना, म्हणजे ठेकेदारांना, पसंत पडलं. कागदावर सगळं बरोबर होतं.

थर टाकायच्या आदल्या दिवशी अव्वा आली. मी गावातच खोली घेऊन राहत होते, ती एसटीनं भाकऱ्या घेऊन यायची. त्या दिवशी म्हणाली, काम तरी बघते. पाठीजवळ येऊन ती खाली बसली आणि पालथ्या हातानं दगड चाचपला. पाटा बघताना ती तळवा लावत नाही. तळव्याला घट्टे पडलेत, त्याला कळत नाही.

"आरसा झालाय की. ह्याच्यावर सिमेंट कसं ऱ्हाईल?"

"केमिकल आहे अव्वा, मध्ये लावायला."

"कशाचं?"

"चिकटायचं."

"दगडाला इचारलंस का?"

साइटवरचा मुकादम हसला. बरोबरचे गडी हसले. मला राग आला. मुकादमानं विचारलं, "मॅडम, ह्या कोण?"

आणि मी म्हटलं, "आमच्याकडच्या आहेत."

अव्वा उठली, गुडघे झाडले, भाकऱ्यांचं फडकं माझ्या हातात दिलं आणि एसटीच्या वेळेच्या आधीच निघाली.

आता इंजिनिअर वाचक म्हणतील, बाई, जुन्या गुळगुळीत पृष्ठभागावर थर टाकण्याआधी त्याला टोचे मारतात हे तुला माहीत नव्हतं? माहीत होतं. कॉलेजात त्याला हॅकिंग म्हणून शिकवलं, परीक्षेत मी ते लिहिलंही. पण तोडफोड नाही म्हटल्यावर मी टोचेही तोडफोडीत धरले आणि साहेबांना विचारलं नाही. विचारलं असतं तर हाताने टोचे मारणारी माणसं कुठून आणायची हा पुढचा प्रश्न आला असता. त्या प्रश्नाचं उत्तर झोळी घेऊन माझ्या घरात राहत होतं, आणि मी ते साइटवर येऊ देत नव्हते.

थर झाला. छान दिसत होता. आषाढ संपत आला तसा तलाव भरला, सांडवा वाहायला लागला, पाठीवर तुषार सुरू झाले. सोमवारला आठ दिवस उरले होते तेव्हा मुकादम सकाळी साखळी तपासायला पाठीवर गेला. मी पायऱ्यांवर होते. ताट फुटल्यासारखा आवाज आला. मग त्याच्या पायाखालचा काँक्रीटचा तुकडा, दाराएवढा, जागचा हलला आणि मुकादमाला घेऊन डोहाकडं सरकायला लागला. हळूहळू. ते हळूहळू सरकणं मला आजही दिसतं. त्यानं साखळी धरली. तुकडा त्याच्या खालून निघून डोहात गेला. तो गुडघ्यावर आपटला आणि लोंबकळला. दोघं गडी पोटावर झोपून त्याच्यापर्यंत पोचले.

वर आणल्यावर तो पांढरा पडला होता. गुडघा फुटला होता, हाड शाबूत होतं. थोड्या वेळानं म्हणाला, "मॅडम, दगडानं न्हाई म्हणलं वाटतं."



दुपारी मालक आले. उरलेला थर पहारीनं उचकटला तर भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटत गेला. खालचा दगड ओला, स्वच्छ, आरसा तो आरसाच. मालक म्हणाले, "वाळू मिसळलेला रंग मारू. चार महिने तरी जाईल. फोटो काढा, पूर्णत्वाच्या कागदावर सही करा."

"चार आठवडेही जाणार नाही. गर्दीत निघाला तर?"

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी."

"मी सही करणार नाही."

"मग दुसरं सांगा. उद्या दुपारपर्यंत. नाहीतर मी दुसऱ्याची सही आणतो."

परत येताना भजीवालीनं मला हाक मारली नाही. खोपट्यात पाठमोरी उभी राहून कांदे चिरत होती.

मी एसटी धरून सोलापूरला आले. घरी पोचले तेव्हा दिवेलागण होत होती. अव्वा दारात बसली होती. तिनं आता फिरणं सोडलं होतं, गुडघे साथ देत नव्हते. झोळी खुंटीला होती. मी सगळं सांगितलं.  ती ऐकत राहिली. "मी म्हटलं होतं तसंच झालं," असं ती एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

"अव्वा, टाकी द्यायची आहे."

"किती पाटे?"

"एकच. चाळीस पावलांचा."

 अव्वा म्हणाली, "तितं माणसं असतील की. तुजी, हापिसातली. मला वळख दावशील का आमच्याकडच्या म्हनूनच बसवशील?"

मी खुंटीवरची झोळी काढून खांद्याला अडकवली.  ती उठली आणि शेजारच्या दारात जाऊन हाका मारायला लागली. वस्तीत तिच्या वयाच्या चौघी होत्या ज्यांच्या हातात अजून ते काम होतं. एक म्हणाली, "लगीन हाय का काय कुनाचं?" अव्वा म्हणाली, "म्हशीला टाकी द्यायची हाय. छिन्न्या घे." दुसऱ्या दिवशी सकाळी लोहाराकडून सगळ्या छिन्न्यांना धार लावून पाणी देऊन घेतलं, आणि मिळेल त्या एसटीनं आम्ही सहाजणी निघालो.

मालकांनी बायकांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाले, "हे तुमचं दुसरं?" मी म्हटलं, होय. ते गाडीत बसून राहिले. बहुतेक माझी फजिती बघायला.

काम सुरू होऊन तासही झाला नसेल तोवर साहेब आले. कुणीतरी फोन केला असणार. पायऱ्यांवरूनच ओरडत उतरले. "तोडफोड नाही म्हणून सांगितलं होतं. कोण आहेत ह्या बायका? कुठल्या एजन्सीच्या?"

छिन्न्या थांबल्या. मुकादम, गडी, मालक, भजीवाली, सगळे माझ्याकडं बघत होते.

"ही माझी आई आहे," मी म्हटलं. "पाट्यांना टाकी देते. तिच्या कामावर मी शिकले. बाकीच्या आमच्या वस्तीतल्या आहेत."

साहेब काही बोलायच्या आत अव्वानं कनवटीची गाठ सोडली. चार जोंधळे काढले आणि एक दाणा आपण मारलेल्या टोच्यात ठेवला. त्याचा माथा तेवढा वर राहिला.

"बगा साहेब. एवडंच खोल. तोडायचं असतं तर मालक आला नसता आमचा खाणीवरनं?"

अप्पांना जाऊन दहा वर्षं झाली होती. ती त्यांच्याबद्दल असंच बोलते, कामावर गेल्यासारखं.

साहेब खाली बसले. बोटानं दाणा दाबून बघितला. मग उठून म्हणाले, "ह्याच्यापेक्षा खोल दिसलं तर काम बंद. आणि रविवारी दुपारी मी तपासायला येणार. सोमवारी गर्दी झाल्यावर तपासत बसणार नाही मी." म्हणजे आमचा एक दिवस गेला.

काळ्या दगडावर छिन्नी लवकर मरते. एक गडी रोज मैंदर्गीच्या लोहाराकडं जाऊन-येऊन करत राहिला. मी आडव्या सरळ रेघा आखून दिल्या होत्या, चालणाऱ्याच्या पायाला आडव्या. अव्वानं पहिल्याच दिवशी हात थांबवला. "सरळ मारलं तर पाणी बसून ऱ्हाईल. पाणी बसलं की शेवाळ. माशाच्या काट्यावानी तिरकं पायजे, पाट्यावर मारतो तसं." मी लेव्हल लावून उतार मोजला. ती म्हणत होती ते बरोबर होतं, पण सगळीकडं नाही. मधल्या बारा-एक पावलांत दगड उलटा, कड्याकडं उतरत होता आणि हाताला ते कळत नव्हतं. तिथं तिरकी रेघ उलटी पाहिजे होती. मी चुन्यानं आखून दाखवलं. अव्वा बघत राहिली.

"हे कॉलेजात शिकिवलं?"

"होय."

"बरं केलं गेलीस ते," ती म्हणाली आणि छिन्नी उचलली. माझ्या शिक्षणाबद्दल तिनं दिलेलं हे एकमेव प्रशस्तिपत्र आहे.

शनिवारी संध्याकाळी शेवटची सहा पावलं राहिली. धार वाढली होती आणि त्या पट्ट्यावर आता नुसते तुषार नव्हते, घोटाभर पाणी वाहत होतं. मालक म्हणाले, "तिथं लाल फीत बांधा. तेवढ्यानं कोण मरतंय." मला त्या शब्दाची चीड आली. शिक्षिका पडल्या होत्या ती जागा तीच होती. रविवारी सकाळी मुकादम फडकं बांधलेल्या गुडघ्यानं लंगडत आला आणि गड्यांकडून वाळूची पोती लावून पाणी बाजूला वळवायला लागला. चौघींतल्या दोघींचे हात सुजले होते. मी झोळीतून एक छिन्नी घेतली.

लहानपणी अव्वा शिकवायला बसली की मी पळून जायचे. आता तिच्या शेजारी ओल्या दगडावर मांडी घालून बसले. चौथ्या-पाचव्या ठोक्याला हातोडी अंगठ्यावर बसली.

"अंगठा आत घे."

"घेतलाय."

"न्हाय घेतला. आरडू नगं, लोक बगाल्यात."

नख पुढं काळं पडून गळालं. त्या वेळी बघायला सवड नव्हती. वरच्या अंगाची पोती मधूनमधून सरकायची, पाणी यायचं, पुन्हा लावायची. फाटकापाशी तोवर माणसं जमली होती, रविवारच होता. त्यांच्या शिट्ट्या, गाणी खाली ऐकू येत होती. शेवटचा टोचा मारला आणि पायऱ्यांवर साहेबांचे बूट वाजले.

ते थेट पाठीवर पाय टाकायला निघाले. अव्वानं हात आडवा केला.

"थांबा साहेब. पयलं वाटान टाकून द्यायचं हाय अजून."

"काय?"

"कच आहे वर," मी म्हटलं. "सुटी कच. त्याच्यावर पाय दिला तर गोट्यांवर दिल्यासारखं होईल. धुवायला पाहिजे."

गड्यांकडं दोनच बादल्या होत्या. वरून भजीवालीनं बघितलं. "ए, बर्री, या सगळे," म्हणून शेजारच्या खोपट्यांतल्यांना हाका मारल्या आणि तिच्यासह सगळे घागरी, पातेली, चहाची किटली घेऊन खाली आले. पाठ धुतली. खराट्यानं झाडली. पुन्हा धुतली. काळं पाणी डोहात गेलं. अव्वानं पालथा हात फिरवला, बोटं चोळून बघितली आणि तिसऱ्यांदा धुवायला लावली. साहेब घड्याळ बघत होते.

मग पोती काढली. पाणी पाठीवर आलं.

"पहिलं कोण जाणार?" साहेबांनी विचारलं.

"मी."

मी बूट घातले होते, जाड तळाचे, साइटचे. अव्वा म्हणाली, "ते घालून कोण बी जाईल. लोक कसली घालून येत्यात?" आणि तिनं स्वतःच्या पायातल्या चपला काढून माझ्यापुढं ठेवल्या. रबरी, तळ घासून कागद झालेला. अंगठा तारेनं बांधलेला.

मी त्या घातल्या. साखळीला हात लावायचा नाही असं साहेबांनी सांगितलं. पहिली दहा पावलं मी मोजली. टोचे तळव्याला चपलेतूनही कळत होते, चटणी वाटताना वरवंट्याखाली लागतं तसं दगड पाय धरत होता. मधला उलटा भाग आला, तिथं पाणी माझ्या रेघांतून कड्याकडं जाऊन त्याच्या कडेनं निघून जात होतं. पुढं आवाज इतका की मागचं काही ऐकू येईना. शेवटच्या सहा पावलांपाशी धारेचा सपकारा तोंडावर आला, डोळे मिटले आणि घोट्यावरून पाणी ओढत गेलं. पाय अर्धा इंच सरकला. आणि थांबला. दगडानं धरला. मी तिथं उभी राहिले. साहेबांनी हातानं खूण केली, वळा. मी वळले. एका पायावर उभं राहायची खूण केली. तेही केलं. परत येताना मला मुकादमाचे ओठ हलताना दिसत होते. तो पावलं मोजत होता.

मग साहेब गेले. जाताना साखळी धरून, येताना सोडून. टोकाला उभे राहून त्यांनी मोबाईलवर धबधब्याचा फोटो काढला. वर आल्यावर विचारलं, "कागदावर ह्या कामाला काय लिहायचं?"

मी लिहिलं ते असं: काळ्या दगडाच्या पृष्ठभागास हाताने टाकी देणे. खाली माझी सही केली. मालकांनी ती ओळ वाचली आणि कागद पुढं दिला.

भजीवालीनं आम्हा सहाजणींना गरम भजी आणि पाट्यावरची चटणी दिली. अव्वानं पहिला घास घेतला, चावला, थोडी थांबली.

"कच न्हाय," ती म्हणाली.

त्याला आता तीन श्रावण झाले. दर आषाढात आमच्या वस्तीतल्या बायका जाऊन पाठीला पुन्हा टाकी देतात, मी रेघा आखते. फाटकाला कुलूप लागलेलं नाही. म्हशीच्या पाठीवर तेव्हापासून एकही माणूस पडलेला नाही.